आपत्कालीन ब्रेक-सिग्नल, नोंद ४: सहा खरे की भासमान?

जोराचा ब्रेक ओळखून मागचे दिवे भरभर उघडझाप करणारी पेटी मी बनवतोय; टेबलावर ती आता नियमाबरहुकूम लुकलुकते. आधी एक गोंधळ मिटवू: करकचून ब्रेक लागल्यावर भरभर उघडझाप होते तो हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) नव्हे. वाहनांच्या दिव्यांसाठीच्या यूएन नियम ४८ नुसार आपत्कालीन थांबा-सिग्नलची गती ४ हर्ट्झ (सेकंदाला ४ वेळा), एका हर्ट्झने कमी-जास्त चालते. हॅझर्ड मिनिटाला ९० वेळा, ३० इकडेतिकडे. हॅझर्ड लागला की हा सिग्नल बंद व्हायलाच हवा. आपल्याकडे चौकात सरळ जायचं म्हणूनही हॅझर्ड लावतात, त्यामुळे हा फरक डोळ्यांना कळणं जास्तच गरजेचं.

कारसाठी अटी: वेग ५० किमीच्या वर आणि मंदन (वेग कमी होण्याचा दर) किमान ६ मी/से². मंदन २.५ च्या खाली गेलं की बंद. बस-ट्रकला सहाऐवजी ४. एमपीयू-६०५० या प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरच्या कच्च्या वाचनात, ±२ जी (गुरुत्वाच्या दुप्पट) रेंजमध्ये, सहा आणि अडीच हे आकडे १००२४ आणि ४१७७ असे येतात. तपासायला गाडी लागत नाही. सेन्सर फळीवर बसवून ३७.७ अंश कलवला की सहा, १४.८ अंशाला अडीच.

पहिल्या कोडमधली चूक: ५० ची अट सतत तपासली जात होती. ८० वरून ७ मी/से² ने थांबताना सव्वा सेकंदातच वेग पन्नासखाली येतो, आणि उरलेले दोन सेकंद दिवे गप्प. ही अट फक्त सिग्नल सुरू होताना बघायची.

खरी डोकेदुखी उताराची. सेन्सरला उतार आणि ब्रेक यांतला फरक कळत नाही. दर टक्का उताराला साधारण ०.१ मी/से² फुकटचं मंदन दिसतं. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना हेच होणार. शिवाय ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक दोन अंश खाली दबलं तर आणखी ०.३४. म्हणजे सेन्सर सहा दाखवतो तेव्हा खरं मंदन सहाच्या बरंच खाली.

ओबीडीचा (गाडीच्या निदान-सॉकेटमधून मिळणारा) वेग घ्यावा तर तो ताशी पूर्ण किलोमीटरमध्येच मिळतो. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एका किलोमीटरची चूक म्हणजे २.८ मी/से², ३०० ची खिडकी धरली तर ०.९. म्हणून दोन्ही लागतात: ब्रेक नसताना दोन्ही मंदनांतला फरक म्हणजे उतार, ब्रेक-स्विच लागताक्षणी तो गोठवायचा आणि सेन्सरमधून वजा करायचा. नाक दबण्याचा हिशेब यात येत नाही, त्यासाठी उंबरठा ६.४ ठेवलाय. नियमातला सहा हा खालचा आकडा आहे, वर सरकायला मुभा आहे.

ब्रेक-स्विचची वायर १० के आणि ४.७ के (किलो-ओहम) रोधांच्या व्होल्टेज-विभाजकातून, पिनवर जादा व्होल्टेज अडवायला ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. १०-३.३ घेऊ नका, १२ व्होल्टला पिनवरचं व्होल्टेज नॅनो (पेटीतला आर्डुइनो बोर्ड) खात्रीने हाय मानतो त्या मर्यादेच्या किंचित खाली राहतं.

खड्डे-गतिरोधकांसाठी सेन्सरचा ५ हर्ट्झ फिल्टर पुरतो, विलंब १९ मिलिसेकंद. दिवे मॉस्फेटवर (इलेक्ट्रॉनिक स्विच). तारेचे २१ वॉटचे बल्ब पाच हर्ट्झला पुरते पेटत-विझत नाहीत, म्हणून नियमातही तारेच्या बल्बला ४ च्या वर परवानगी नाही. एलईडीला अडचण नाही.

रस्त्यावरच्या गाडीत जोडणी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांच्या आड येतं, आणि कंपनीच्या ब्रेक-दिव्यांच्या वायरीत हात घालणं तसंही वाईट. पुढचा टप्पा: बंद आवारात, फक्त डॅशवरचा एक एलईडी लावून उताराचं वजाबाकी-गणित तपासणं.