मँचेस्टरहून लिव्हरपूल, कापसाच्या मागावर

मँचेस्टरला मास्टर्स करताना आमच्या ग्रुपमधले बहुतेक जण सुट्टी मिळाली की लंडन नाहीतर एडिनबरा गाठायचे, मला मात्र लिव्हरपूल बघायचं होतं आणि तेही फुटबॉल किंवा बीटल्ससाठी नाही. आम्ही लालबागचे. आजोबा गिरणीत, त्रासन खात्यात म्हणजे सूत कातायच्या खात्यात, ते १९८२ च्या संपात जे घरी बसले ते कायमचेच. मग मुंबईचा कापूस जिथे उतरायचा ते बंदर तासाभरावर आहे म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल!

मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड रोड स्टेशनवरून ट्रेन पकडली. (स्टुडंट असाल तर रेलकार्ड काढाच, तिकीट एक तृतीयांशने कमी होतं.) न्यूटन-ले-विलोजमार्गे जाणारीच गाडी घ्या, कारण ती १८३० च्या मूळ लाईनवरून जाते, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे सुरू व्हायच्या २३ वर्षं आधीची. वाटेत चॅट मॉस नावाची दलदल लागते, तिथे भराव टाकला की खाली जायचा म्हणून इंजिनियर जॉर्ज स्टीफन्सनने फांद्या आणि झुडपांच्या थरांवर रूळ टाकले आणि आजही गाडी तिथूनच धावते. ही लाईन टाकायचं मोठं कारण कापूसच, बंदरातून गिरणीत माल लवकर पोचावा म्हणून.

लिव्हरपूलच्या लाईम स्ट्रीट स्टेशनला उतरून चालत सरळ अल्बर्ट डॉक, म्हणजे बंदरातली जुनी गोदी. १८४६ चा. गोदामं वीट, दगड आणि बिडाची, बांधकामात लाकूड नाही, कारण कापसाच्या गोदामाला आग लागली की संपलंच. पाण्याच्या अगदी काठावर जाडजूड बिडाचे खांब, मी हात लावला तर थंडगार. जहाज भिंतीला लागायचं आणि माल थेट आत. आता तिथे कॅफे आणि दुकानं आहेत, छान आहे सगळं, पण मी खांबांपाशीच जास्त रेंगाळले.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला तर ते म्हणाले, "जरा वर दाखव, गाठी कुठून ओढायचे ते बघू." मग १८६१ चा विषय निघाला. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, तिथला गुलामांनी वेचलेला कापूस यायचा बंद झाला आणि लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या, गिरण्या ओस पडल्या. मग आपल्याकडचा कापूस इकडे आधीपेक्षा खूप जास्त यायला लागला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ ला युद्ध संपताच बाजार कोसळला. पण आपला कापूस आखूड धाग्याचा, सूत सारखं तुटायचं, इथले कामगार वैतागायचे. हे ऐकून बाबा म्हणाले, "तुझे आजोबा पण तेच करायचे गं, आठ तास उभं राहून तुटलेला धागा सांधायचा." मला एकदम भरून आलं. दोन्हीकडची माणसं एकाच कामात झिजली, आणि हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

नंतर पियर हेडच्या धक्क्यावरून मर्सी नदीतली फेरी घेतली. पाणी भाऊच्या धक्क्यासारखंच गढूळ, पण उधाणाला भरती-ओहोटीत १० मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणून तर इथे दरवाजेवाल्या बंद गोद्या बांधाव्या लागल्या. होप स्ट्रीटच्या दोन टोकांची दोन कॅथेड्रल संध्याकाळी घाईतच उरकली.

वेळ कमी असेल तर कॅथेड्रल सोडा, डॉक सोडू नका. आणि इकडे मुंबईत असताना कॉटन ग्रीनची कॉटन एक्स्चेंजची इमारत बाहेरून तरी बघून ठेवा, मग तिथे गेल्यावर जास्त कळतं.