तुकडी जिल्हा कुलाबा

जुनं खरेदीखत वाचायची एक गंमत असते. 'तुकडी जिल्हा कुलाबा, पोटतुकडी तालुका अलिबाग' अशी त्याची सुरुवात; तुकडी म्हणजे दस्तनोंदणीचा विभाग. मग गट नंबर, आकार म्हणजे शेतसारा, आणि चतुःसीमा: पूर्वेस अमक्याची खाजण, पश्चिमेस तमक्याचा बांध. घेणारा-देणारा दोघे कधीच वर गेले, खाजणीवर बंगले उठले, आणि कुलाबा जिल्हा १९८१ च्या १ जानेवारीला रायगड झाला. कागद मात्र अजून तुकडी जिल्हा कुलाबाच म्हणतो, आणि तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ते बरोबर कळतं.

खरं तर 'तुकडी' हा शब्द या जिल्ह्याला चपखल बसतो. तुकडे जोडूनच तो शिवला होता. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला हे आंग्र्यांचं ठाणं. १८४० मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला आणि आंग्र्यांचं संस्थान गिळलं. किल्ल्याचं नाव पुढे जिल्ह्याला लागलं. पनवेल, उरण, कर्जत आधी ठाण्याकडे होते, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे आले. सिद्दीचं जंजिरा संस्थान १९४८ ला विलीन झालं, तेव्हा मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आले. पालीचा मुलूख भोरकरांचा, तोही त्याच सुमारास आला. साहेबाच्या आणि नंतर आपल्या सरकारच्या सोयीने आखलेल्या रेषा या. पनवेलच्या माणसाला श्रीवर्धनच्या माणसाबद्दल विशेष काही वाटायचं कारण नव्हतं.

त्यातून नावाचा घोटाळा. मुंबईतही कुलाबा, आणि तोच जास्त प्रसिद्ध. 'कुलाब्याचा' म्हटलं की समोरचा माणूस दीपगृहाची दांडी, लष्कराचा भाग, समुद्राची हवा असलं काही मनात आणणार आणि आपण पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, चिखल तुडवत असणार! विज्ञानाने मात्र दोन्ही कुलाब्यांची गाठ घालून दिली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. शहरात विजेच्या ट्राम धावणार, त्यांनी सुया बिघडणार, म्हणून १९०४ च्या सुमारास हे काम अलिबागला हलवलं. लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेली ती इमारत अजून आहे. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून निघाली ती कुलाब्यातच पोचली. पत्ता बदलला म्हणावा की नाही, हे टपालखात्यालाच ठाऊक.

पण एवढं नक्की, की सरकारने सोयीसाठी दिलेल्या या नावात माणसांनी नंतर स्वतःचं बरंच काही भरलं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला भरली ती 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. त्या परिषदेतूनच बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं २० मार्चला चवदार तळ्यावर गेली. तळं महाडचं, पण परिषदेच्या नावात अख्खा जिल्हा होता. कलेक्टर कचेरीबाहेर हे नाव इतक्या अभिमानाने क्वचितच कुणी घेतलं असेल.

आणि चरी. अलिबाग तालुक्यातलं हे गाव. १९३३ मध्ये इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं, खोताची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. एक हंगाम नाही, दोन नाही, सहा वर्षांच्या आसपास शेतं ओसाड ठेवली. खारेपाटातली भातशेती ओसाड ठेवणं म्हणजे काय, हे खारेपाटातल्यालाच कळेल. बांधाकडे लक्ष नसलं की उधाणाला खांड जाते, म्हणजे बांध फुटतो, खारं पाणी आत शिरतं, आणि मग ती जमीन गोडी व्हायला पावसाळ्यामागून पावसाळे जातात. खोताचं नुकसान तर होतंच, पण उद्या आपल्याच पोरांनी कसायची ती जमीनही आपणच समुद्राच्या तोंडी द्यायची. नारायण नागू पाटील या संपाचे पुढारी, बाबासाहेबांचा पाठिंबा. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोतीविरोधी विधेयक आणलं. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडलं, पण तिचा कणा चरीच्या पडीक शेतांनी मोडला होता, असं माझं मत.

असं सगळं असताना नाव बदललं तेव्हा फारशी खळखळ का झाली नसावी? मला वाटतं, उत्तर सोपं आहे. महाराजांच्या राजधानीचं नाव द्यायचं म्हटल्यावर 'नको' म्हणायला उभा कोण राहणार? कुलाबा किल्लाही महाराजांचाच, पण गडांच्या राजापुढे पाणकोटाचं काय चालतं! मुख्य ठाणं अलिबागलाच राहिलं. त्यामुळे रायगड जिल्ह्याची कचेरी अलिबागला, तिच्यासमोरच्या समुद्रात कुलाबा, आणि खुद्द रायगड दूर महाड तालुक्यात, अशी मजेशीर मांडणी झाली.

हा बदल केला बॅरिस्टर अंतुल्यांनी, मुख्यमंत्री असताना. जिल्ह्याचेच ते. पण लोकसभा मतदारसंघाचं नाव बदलणं काही राज्य सरकारच्या हातात नव्हतं. ज्या कुलाब्याने १९५२ मध्ये चिंतामणराव देशमुखांना दिल्लीला धाडलं, तो मतदारसंघ यादीत कुलाबाच राहिला. अंतुले १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असे चार वेळा कुलाब्याचे खासदार म्हणून निवडून आले. पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये मतदारसंघही एकदाचा रायगड झाला. त्या पहिल्याच निवडणुकीत अंतुले पडले.