जिन्यावरचे दळणाचे चित्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवावी, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मला वर्ग किंवा मैदान यांच्याआधी जिना आठवला, आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खिडकीसमोर लावलेले, जात्यावर दळणाऱ्या बाईचे कोळशाने काढलेले चित्र आठवले. मी १९८१ साली दहावी उत्तीर्ण झालो. चित्र भिंतीवर लागले ते मी आठवीत असताना, म्हणजे १९७८ च्या दिवाळीनंतर.

पूर्ण इंपिरियल, म्हणजे मोठ्या आकाराचा चित्रकागद होता. एक पाय लांब सोडून आणि दुसरा मुडपून बसलेली बाई, उजवा हात खुंट्यावर, डाव्या हाताच्या मुठीत वैरण, म्हणजे जात्यात घालायचे दाणे, कोपराकडे सारलेल्या बांगड्या, शेजारी सूप, आणि पाठीमागे अंधारात जेमतेम ओळखू येणारी चूल. उजेड दारातून येत होता आणि तो फक्त तिच्या गुडघ्यावर, मनगटावर व जात्याच्या वरच्या पाळूवर, म्हणजे दगडावर, पडला होता. चित्र आमच्या चित्रकलेच्या सरांनी काढलेले होते, आणि या उजेडाच्या जागा त्यांनी पावाच्या गराने कोळसा टिपून काढल्या होत्या. पाव खायचा सोडून चित्राला लावतात, याचेच आम्हा मुलांना त्या वेळी अधिक नवल वाटले, हे कबूल केले पाहिजे.

शाळेच्या भिंतींवर तोवर सरस्वती, राष्ट्रपुरुष आणि नकाशे एवढेच होते. घरोघरीही देवादिकांच्याच तसबिरी असत. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढल्यापासून लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात घरी येऊ लागल्या आणि भिंत म्हणजे देवांची जागा हे जणू ठरूनच गेले. त्यामुळे ‘दळणारी बाई ही काय भिंतीवर लावायची गोष्ट आहे का?’ असा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत निघाला. सर वाद घालणारे नव्हते. त्यांनी शिपायाकडून खिळा ठोकून घेतला आणि चित्र लावले.

सरांची शिकवण्याची पद्धतही या चित्रासारखीच होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेतल्या स्मरणचित्रासाठी आम्ही इतर मुलांप्रमाणे ठरावीक आकृत्या घोटून ठेवल्या होत्या: पाणी भरणारी बाई, भाजीवाला, छत्री घेतलेला माणूस. सरांनी त्या बाजूला ठेवायला लावल्या आणि आम्हाला सकाळी विहिरीवर पाठवले. घागर कोणत्या कमरेवर आहे, मोकळा हात कुठे जातो, भरलेल्या घागरीने अंग किती कलते, एवढेच पाहून यायचे, कागद-पेन्सिल न्यायची नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आयुष्य घालवलेल्या चित्रकार धुरंधरांचे नाव मी प्रथम सरांच्याच तोंडून ऐकले. रस्त्यावरच्या आणि घरातल्या बायका नेसण्या-बसण्याच्या लकबींसह कशा काढाव्यात हे त्यांच्याकडून शिकावे, असे ते म्हणत. शाळेची सहल औंधला गेली तेव्हा श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आम्ही पाहिली. सर तेथेही आम्हाला चेहऱ्यांपेक्षा हात पाहायला सांगत होते.

या चित्राची खरी परीक्षा मात्र पालकसभेच्या दिवशी झाली. माझी आई निरक्षर होती. गावात पिठाची गिरणी आली तरी डाळ भरडायला आणि लग्नात हळद दळायला आमच्या घरी जातेच लागे, आणि त्याआधीची कितीतरी वर्षे तिने पहाटे उठून शाळू दळलेला होता. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, आता कौतुक करील. ती सरांना म्हणाली, “गुरुजी, सूप रितं झालंय, मग पीठ गेलं कुठं?”

मी शरमेने खाली पाहू लागलो. सर मात्र चित्राच्या अगदी जवळ गेले. सुपाच्या तळाशी खरोखरच चार दाणे उरले होते आणि जात्याभोवती पिठाची बोटभर कड होती. सरांनी सांगितले की शाळेमागच्या वस्तीवर त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी रेखाटने केली होती. जाते काढले ते दळण सुरू झाल्यावर आणि सूप काढले ते दळण संपत आल्यावर. “तुमचं बरोबर आहे, बाई,” असे ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी माझ्या वर्गशिक्षकांसमोर उच्चारले, याचे अप्रूप आईला पुढे कित्येक वर्षे होते.

दुरुस्ती सोपी नव्हती. कोळसा झडू नये म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख तोंडाने फुंकून चित्रावर आधीच बसवलेली होती, त्यामुळे खोडणे किंवा पावाने टिपणे आता शक्य नव्हते. पुढच्या शनिवारी सरांनी चित्र उतरवले, पांढऱ्या खडूने जात्याभोवती पिठाची रास वाढवली, कडेने बोट फिरवून ती सावलीत मिसळली, आणि मगच चौकट करून वर काच बसवून घेतली.

महोत्सवाच्या पूर्वतयारीच्या बैठकीला गेलो तेव्हा जिन्यावर थांबलो. कागद पिवळसर पडला आहे, चूल आता जवळजवळ दिसत नाही. जात्याभोवतीचे पीठ मात्र बाकीच्या चित्राहून पांढरे आहे.