मामाजींचं वय वंदना कार्ड

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डासाठी उत्पन्नाची अट राहिली नाही, हे आमच्या गावात अजून बऱ्याच घरांत माहीत नाही. ‘आपलं पिवळं रेशन कार्ड नाही, मग यादीत नाव कुठून येणार’ म्हणून लोक गप्प बसतात आणि ऑपरेशन सांगितलं की कापूस विकायला काढतात. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी वेगळं आयुष्मान कार्ड आहे, त्याचंच नाव वय वंदना कार्ड. आधारवर ७० पूर्ण पाहिजेत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज, पण भरती झाल्यावरचा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, अंतर्गळाचं (हर्नियाचं) ऑपरेशन सांगितलं होतं. घरात मोबाइलचं सगळं मीच पाहते, तेव्हा हे कार्डाचं कामही माझ्याकडे आलं. मामाजींच्या आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद पडलेला, म्हणजे ओटीपीचा रस्ता बंद. तालुक्याच्या एका केंद्रावर बोटं लावून पाहिली. जन्मभर कापूस वेचला, डवरा धरला. बोटांवर रेषा राहिल्यात कुठे? मामाजी धोतराला अंगठा पुसायचे आणि पुन्हा लावायचे. शेवटी केंद्रावरच्या मुलाला म्हणाले, “आंगठा माहाच हाय ना बापू, मंग काहून नाही घेत थे?” ते ऐकून माझ्या पोटात तुटलं. वरून तो मुलगा कार्डाला स्वतःचाच मोबाइल नंबर टाकायला निघाला होता. मी साफ नाही म्हटलं. मामाजींच्या इलाजाचे मेसेज परक्याच्या फोनवर काय म्हणून जावेत?

चेहऱ्यानेही केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, होते. त्याला आयुष्मान ॲपसोबत आधार फेस आरडी हे ॲप लागतं. सकाळी ओसरीत उजेड चांगला असतो, तिथे खुर्ची टाकली. टोपी काढली, चष्मा काढला. डोळे मिचकवायचे होते, पण मामाजी फोटो काढायला बसल्यासारखे टक लावून बसले. शेवटी माझी मुलगी फोनच्या मागे उभी राहून डोळे मिचकावू लागली. तिला पाहून ते हसले, डोळे मिटले-उघडले आणि स्क्रीनवरचा गोल हिरवा झाला.

त्यांचा आभा नंबरही काढला, १४ आकडी. दवाखान्याचे कागद मोबाइलवर जोडून ठेवायचा हा नंबर. यात मी घाई केली नाही. संमतीचा मजकूर मराठीत वाचून दाखवला. “म्हंजे माहे कागदं कोन पाहीन?” त्यांनी विचारलं. दवाखाना मागणी करतो, कोणते कागद आणि किती दिवस दाखवायचे ते आपण ठरवतो, दिलेली परवानगी परतही घेता येते, असं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आताचे दाखव. थ्या जुन्या बिमारीचे नोको.” ते जुने कागद पन्नीतच राहिले. फोन माझ्या हातात असला तरी आजार त्यांचा आहे. ओटीपी आला तरी त्यांना विचारल्याशिवाय मी टाकत नाही.

ऑपरेशन वर्ध्याला झालं, कार्डावर. सुट्टीच्या वेळी हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी दिली, तेव्हा मी आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडे, गेले. सुट्टीनंतरची १५ दिवसांपर्यंतची औषधं योजनेतच येतात. विचारल्यावर ती तिथूनच मिळाली.