विहिरीत पडलेले भेकर

देवगड तालुक्यातील एका वाडीत, हापूसच्या बागेतल्या विहिरीत भेकर पडल्याचा वनपालांचा निरोप आला, तेव्हा एप्रिलचे ऊन चांगलेच चढले होते. पशुवैद्यक म्हणून माझा रोजचा संबंध गाईम्हशींशी येतो. तरी भेकरही रवंथ करणारेच जनावर असल्याने काय टाळायचे, हे मनाशी ठरवूनच मी निघालो. कुत्री मागे लागल्यामुळे रात्री ते कठडा नसलेल्या विहिरीत कोसळले असावे. तळाशी पाणी थोडेच होते, त्यामुळे ते उभे होते. काठावर मात्र सारी वाडी गोळा झाली होती.

मला खरी धास्ती त्या गलक्याची होती. हरणाच्या जातीच्या प्राण्याला बाहेरून ओरखडासुद्धा नसला, तरी पकडताना झालेली धडपड आणि भीती त्याचा जीव घेऊ शकते. स्नायूंमध्ये आम्ल साचते, त्यांचे तंतू फुटतात, त्यातील रंगद्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडांत जाऊन ती निकामी करते, आणि असा मृत्यू कधी कधी सुटकेनंतर काही दिवसांनीही येतो. म्हणून सर्वांना दूर, काजूच्या झाडांपलीकडे बसण्याची विनंती केली. लोकांनी ती लगेच मानली, याचे मला आजही समाधान वाटते.

वनरक्षकांनी जाळे सोडून त्याला अलगद वर घेतले. मी प्रथम त्याचे डोळे कापडाने झाकले आणि त्याला कुशीवर न ठेवता छातीवर बसते धरले, कारण आडवे पडल्यास पोटात वायू साचतो आणि चारा उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

बागेचे मालक हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरांनू, ह्यां सांबराचां पिल्लू मा?" शिंगे आखूड दिसत असल्याने त्यांना तसे वाटले, पण तो पूर्ण वाढलेला नर होता. कपाळावरून निघालेल्या, केसांनी झाकलेल्या लांब हाडांच्या टोकांवर ती शिंगे होती. ही शिंगे भरीव हाडाची असतात, गळून पुन्हा उगवतात. काळविटाच्या शिंगांसारखे कायमचे पोकळ आवरण त्यांना नसते. वरच्या जबड्यात पुढचे दात नव्हते, मात्र ओठांबाहेर दोन बाकदार सुळे आले होते. झुंजीत भेकराचा नर शिंगांइतकाच या सुळ्यांचा वापर करतो, म्हणून वनरक्षकांना हात तोंडाजवळ नेऊ दिले नाहीत.

पायाला किरकोळ खरचटले होते. ताप तपासला, अंगावर पाणी ओतले, जखम धुऊन औषध लावले आणि अधिक हाताळणी कटाक्षाने टाळली. वाडीतली कुत्री बांधल्याची खात्री होताच बागेमागच्या रानाकडे तोंड करून त्याला सोडले. दोन उड्यांत ते करवंदीच्या जाळीत शिरले.

वनरक्षकांनी पुढचे काही दिवस ते रान पायी फिरून पाहिले. मेलेले भेकर कोठेही आढळले नाही. मालकांनी पावसाआधीच विहिरीला चिऱ्यांचा कठडा बांधून घेतला.