कागदावरचा व्यायाम

परळमधील ज्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेथे त्या मावशी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा, चार महिन्यांपूर्वी मीच दिलेला, ओटीपोटाच्या तळाचे (लघवी रोखून धरणारे) स्नायू आवळण्याच्या व्यायामाचा कागद त्यांच्या पाकिटात घडी घालून जपलेला होता. लालबागच्या एका पोळीभाजी केंद्रात राबणाऱ्या, तीन बाळंतपणे झालेल्या या बाईंना पिठाचा डबा उचलताना किंवा फोडणीचा ठसका लागताच लघवी सुटत असे. "रोज न चुकता केला, पण फरक नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

पहिल्या खेपेस गर्दीच्या सबबीवर मी आतून तपासणी केली नव्हती. ती आता केली, तेव्हा दिसले की 'आवळा' म्हटल्यावर त्या श्वास रोखून खाली जोर लावत होत्या. म्हणजे चार महिने व्यायाम उलटाच चालला होता, आणि त्याचे खापर माझ्याखेरीज कोणावर फोडता येत नव्हते. ऑक्सफर्ड श्रेणीनुसार ताकद पाचपैकी जेमतेम १ भरली.

ज्यांना हे स्नायू स्वतःहून आवळता येतात, त्यांना सहसा यंत्र लागत नाही. ज्यांना ते सापडतच नाहीत, त्यांच्यासाठी विद्युत उत्तेजन, म्हणजे सौम्य प्रवाहाने स्नायू आकसवणारे यंत्र, विचारात घेतात. पेसमेकर, गर्भारपण किंवा संसर्ग नसल्याची खात्री करून, त्यांच्या संमतीने योनिमार्गात प्रोब, म्हणजे प्रवाह पोचवणारी छोटी कांडी, बसवला. घाईच्या लघवीसाठी १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १० स्पंदनांच्या, आसपासची वारंवारिता वापरतात. खोकताना होणाऱ्या गळतीसाठी ती जास्त लागते, म्हणून ३५ हर्ट्झ, ५ सेकंद प्रवाह व १० सेकंद विश्रांती असे ठरवले. 'करंट' म्हटल्यावर मावशी धास्तावल्या होत्या, तेव्हा तीव्रता वाढवण्याचे बटण त्यांच्याच हाती दिले.

आधी नुसत्या मुंग्या आल्या. आणखी दोनचार वेळा बटण दाबल्यावर, मज्जातंतू चेतवला जाऊन स्नायू आपोआप आकसला, तशा त्या दचकून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर वर ओढलं जातंय! मी खाली ढकलत होते." मग प्रवाह येईल तसे त्याच्या जोडीने आवळायला सांगितले, विसाव्या मिनिटाला यंत्र बंद केल्यावरही माझ्या बोटाला एक पुसटसे, पण खरे आकुंचन जाणवले.

जाताना त्यांनी तोच कागद पुढे केला आणि 'खाली नाही, वर' असे मोठ्या अक्षरांत माझ्याकडून लिहून घेतले.