दोन सेल्फ, नवी बॅटरी आणि परतीची वायर

मृगाचा पाऊस बरा झाला आणि वाफसा आला की आमच्या जिंतूर तालुक्यात मिस्त्रीचे फोन दिवस उगवायच्या आतच वाजायला लागतात. काळ्या रानात पेरणीजोगा वाफसा टिकतो दोन-तीन दिवस. तो हुकला की वरची ओल उडते, नाहीतर पुन्हा पाऊस लागून राहतो आणि रानात चाक घालता येत नाही. म्हणून चारठाण्याच्या अलीकडून काकांचा फोन आला, "मिस्त्री, सेल्फ उचलंना. बियाणं पेटीत भरून ठिवलंय, या की लवकर," तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून निघालो. सेल्फ म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन फिरवून चालू करणारी मोटर.

ट्रॅक्टर ३५ एचपीचा, वीस वर्षांच्या पुढचा, पण इंजिन ठणठणीत. काकांनी हकिगत सांगितली. उन्हाळ्यापासून चावी दिली की नुसतं टक् व्हायचं, एखाद्या वेळी इंजिन अर्धा फेरा घेऊन अडायचं. एका मिस्त्रीनं सेल्फचे कार्बन, म्हणजे आत करंट पोचवणारे ठोकळे, बदलले. दुसऱ्यानं आर्मेचर, म्हणजे सेल्फमधला फिरणारा गाभा, गेलंय म्हणून नवा सेल्फ बसवला. तो थोडे दिवस बरा चालला. मग कुणीतरी हेडलाइट लावून चावी द्यायला सांगितली. लाइट पार विझले, तेव्हा खापर बॅटरीवर फुटलं आणि तीही नवी आली. हे ऐकताना माझा जीव जळत होता. पेरणीच्या तोंडावर सेल्फ आणि बॅटरीला गेलेला पैसा खताच्या पोत्यांचाच असतो.

तोवर त्यांनी वेगळाच मार्ग काढला होता. रात्री ट्रॅक्टर उतारावर लावायचा, हँडब्रेक धरत नाही म्हणून गिअरमध्ये टाकून ठेवायचा आणि सकाळी उतारावरून सोडून चालू करायचा. रानात मधेच बंद पडला की मात्र पंचाईत, कारण वाफशाच्या दिवसात ओढायला शेजारचा ट्रॅक्टर मोकळा सापडत नाही.

मी व्होल्ट मोजायचं मीटर काढेपर्यंत काकांचा मुलगा मोठा पेचकस घेऊन मागच्या चाकापुढं वाकलासुद्धा. "डायरेक्ट दिल्यावर कधी कधी लागतो, दादा." मी आधी त्याचा हात धरला आणि वर चढून लिव्हर पाहिले. लो आणि दुसरा गिअर. खाली न्यूट्रल स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर टेप मारलेली. हे स्विच असतं कशासाठी, तर हाय-लोचा लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय चावीवर सेल्फ फिरू नये म्हणून. ते आधीच निकामी करून ठेवलेलं, आणि पेचकसानं टर्मिनल जोडले तर चावी, स्विच सगळंच वगळलं जातं. जुन्या डिझेल इंजिनाला चालू व्हायला चावी लागत नाही. पंप डिझेल देत असला की नुसतं फिरलं तरी ते धरतं. गिअरमधला ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढं निघतो आणि माणूस नेमका चाकासमोर असतो. अशानं माणसं जागीच जातात. पोराला मी हे लिव्हर दाखवत दाखवत सांगितलं. काका काही बोलले नाहीत, पण पेचकस त्यांनीच उचलून पेटीत टाकला.

चाकांना दगड लावले, लिव्हर न्यूट्रलला घेतले आणि मग कामाला लागलो.

नवी बॅटरी उभ्या उभ्या १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. मुलाला चावी द्यायला लावली. इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा फिरलं, तेव्हा बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मीटर ११.३. बॅटरी बसली असती तर हा आकडा साडेनऊच्याही खाली गेला असता. म्हणजे बॅटरी चांगली होती, तिच्यातून करंट बाहेरच निघत नव्हता. मग मीटरची एक सळई सेल्फच्या जाड टर्मिनलवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरली. चावी दिल्यावर ६.३. पाच व्होल्ट वाटेतच मुरत होते.

वाटा दोनच, जाण्याची आणि परतीची. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत, चावी दिलेली असताना, ०.४ व्होल्ट, हे चालतं. मायनसच्या खुंटीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत ४.६! इथं पाव व्होल्टाच्या वर काही दिसायला नको. हेडलाइट का विझत होते तेही इथंच उलगडलं. त्यांचा करंटही बॉडीतून याच अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, केबलनं परत जातो. वाट परतीची अडलेली, आणि दोष गेला बॅटरीला.

काकांना पटेना. "केबल तर जाडजूड हाय की, मिस्त्री. वरून एक चीर न्हाई." मी म्हटलं, "काका, विहिरीवर दहाची मोटर बसवली आणि पाइपात गाळ बसला, तर पाणी कुठून येईल?" आणि त्यांचा हात धरून केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, टेकवला. त्यांनी चटकन मागं घेतला. एवढ्या थोड्या वेळात लग चटका बसण्याइतका तापला होता. सेल्फला मिळायची ताकद तिथं उष्णता होऊन जात होती.

लगपासून वीतभर अंतरावर मी केबलचं रबर ब्लेडनं उभं चिरलं. आतून हिरवट-पांढरी भुकटी हातावर पडली. तांब्याच्या तारा बोटानं चुरल्या की तुटत होत्या. चकाकणाऱ्या शाबूत तारा थोड्याच उरल्या होत्या. जुन्या बॅटरीचं ॲसिड खुंटीवर ओघळायचं, आणि ते तारांमधून रबराच्या आत चढत गेलं होतं. बॅटरी बदलणाऱ्यानं टर्मिनल घासून लखलखीत केले, केबल मात्र तीच ठेवली.

माझ्याकडं वेल्डिंगची जाड केबल होती. दोन्ही टोकांना नवे लग दाबून वर डाग दिला. क्लच हाउसिंगवर जिथं अर्थचा बोल्ट बसतो तिथं रंगाचा थर होता; तो कानशीनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, दात्यांचा वायसर घालून बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. चावी दिल्याबरोबर इंजिनानं धरलं.

मीटरवर लक्ष ठेवून असलेला मुलगा दचकला. "दादा, बॅटरी तर आता १०.४ वर उतरली, आधीपेक्षा जास्त!" मला त्याचं कौतुक वाटलं. बॅटरी जास्त उतरली कारण आता ती खरा करंट देत होती, आणि सेल्फवर साडेनऊच्या आसपास व्होल्ट पोचत होते. अर्थच्या बाजूला राहिलं होतं ०.२.

निघण्याआधी दोन कामं बाकी होती. बारदानात गुंडाळून ठेवलेला जुना सेल्फ काढायला लावला, पायाखाली घट्ट दाबून धरला आणि बॅटरीवर लावला. पिनियन, म्हणजे तोंडाचं दातेरी चाक, पुढं आलं, आर्मेचर भन्नाट फिरलं. त्यात काडीचा बिघाड नव्हता. काकांना म्हटलं, भंगारात देऊ नका, स्पेअरला ठेवा.

दुसरं काम न्यूट्रल स्विचचं. काकांचा जीव वाफशाकडं लागलेला. "ते मागून बघू, मिस्त्री. पेरून तर घेऊ द्या." मी ऐकलं नाही. पिळलेल्या वायरी सोडवल्या, माझ्याजवळचं नवं स्विच बसवलं. लो गिअर टाकून चावी देऊन पाहिली, सेल्फ गप्प. न्यूट्रलला घेतल्यावर लगेच लागला. मग म्हटलं, आता जोडा पेरणीयंत्र. केबल, लग आणि स्विच धरून जे पैसे झाले ते काकांनी अडत्याकडून उचल घेऊन देतो म्हटलं, मी सोयाबीन निघाल्यावर द्या म्हणून सांगितलं. मुलाला मात्र तालुक्याला आला की एक साधं मीटर घ्यायला लावलं, आणि सळया कुठं कुठं टेकवायच्या ते त्याच्या वहीत लिहून दिलं.